निकेलच्या सांडपाण्यासाठी तापमान-संवेदी जेल: गोव्याच्या हवेत ते चालेल का?

कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका लहान निकेल प्लेटिंग कारखान्याच्या पर्यवेक्षकांनी एक प्रश्न पाठवला आहे. त्यांच्याकडे रोज सुमारे ५००० लिटर धुवणीचे पाणी निघते. चुना घालून गाळ फिल्टर प्रेसमध्ये काढून घेतल्यावरही त्या पाण्यात लिटरमागे ४ ते ६ मिलिग्रॅम निकेल उरते, आणि मर्यादा ३ मिलिग्रॅमची आहे. एका पुरवठादाराने त्यांना तापमान-संवेदी पॉलिमर जेल सुचवले आहे. हे जेल थंड पाण्यात धातू धरते, नुसते गरम केले की सोडून देते, त्याला आम्ल लागत नाही आणि गाळही होत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. हे कितपत खरे आहे, किती जेल लागेल, आणि डिचोलीकडच्या खाणींच्या तांबड्या पाण्यालाही ते चालेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

जेलचा उपयोग होऊ शकतो, पण पुरवठादार सांगतो त्या पद्धतीने होणार नाही. गरम केल्यावर हे जेल पाणी सोडते, यात शंका नाही. ते धातूही सोडते, हे मात्र बहुतेक जेलच्या बाबतीत खरे नाही. पाणी सोडणे आणि धातू सोडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि त्या एकच आहेत असे समजून केलेली खरेदी वाया गेलेली मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. म्हणून आधी ही गोष्ट नीट उलगडून सांगतो.

या जेलचा मूळ घटक बहुधा एन-आयसोप्रोपिल अ‍ॅक्रिलामाइड असतो. त्याच्या साखळीवर दोन विरुद्ध स्वभावांचे गट शेजारी शेजारी बसलेले असतात. अमाइड गट पाण्याशी हायड्रोजन बंधाने जोडून राहतो, तर आयसोप्रोपिल गट पाण्याला जवळ करत नाही आणि त्याच्याभोवती पाण्याचे रेणू एका ठरावीक रचनेत अडकून बसतात. थंडीत ही रचना टिकते आणि साखळी पाण्यात मोकळी पसरलेली असते. तापमान सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते अडकलेले पाणी सुटून निघते आणि साखळ्या एकमेकींना बिलगतात. या पॉलिमरच्या द्रावणाचे हे वर्तन हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये नोंदवले. पुढे १९७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तोयोइची तनाका यांनी बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, जेलचे आकारमान एका टप्प्यावर एकदम कोसळू शकते हे दाखवून दिले, आणि तिथून या विषयाला खरी गती मिळाली.

या सगळ्या वर्णनात धातूचा कुठेही उल्लेख नाही हे लक्षात घ्यावे. मूळ पॉलिमर निकेलला धरतच नाही म्हटले तरी चालेल. धातू धरण्यासाठी साखळीत वेगळे गट घालावे लागतात, उदाहरणार्थ अ‍ॅक्रिलिक आम्लाचे कार्बोक्सिल गट, विनाइल इमिडाझोल, इमिनोडायअ‍ॅसिटिक आम्लाचे गट किंवा कोळंबी-खेकड्यांच्या सालपटांतून मिळणाऱ्या कायटोसानचे अमाइन गट. निकेल बसते ते या गटांवर. त्यामुळे तापमान बदलल्यावर साखळी आकसते, पण गट आणि निकेल यांच्यातला बंध त्यामुळे तुटत नाही.

हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. दहा रुपयांच्या नाण्याएवढी, पाचसहा मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिक आम्लयुक्त जेलची चकती निकेल सल्फेटच्या द्रावणात रात्रभर ठेवली की ती फिकट हिरवी, पारदर्शक आणि शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी लिबलिबीत होते. ती साध्या पाण्याने धुऊन ५० अंशांच्या पाण्यात सोडली की थोड्याच वेळात तिचा पृष्ठभाग दुधाळ होतो, कडा आत ओढल्या जातात, आणि बोटाने दाबली तर ती जून खोबऱ्यासारखी कडक लागते. भोवतालचे पाणी मात्र जवळजवळ बिनरंगी राहते. हिरवा रंग आकसलेल्या चकतीत आणखी गडद होऊन बसतो. मग त्याच पाण्यात सौम्य गंधकाम्लाचे काही थेंब टाकले की पाणी हिरवे होऊ लागते. मी नव्या माणसांना हा प्रयोग पहिल्याच दिवशी करायला लावतो, कारण एकदा हे पाहिले की ‘फक्त गरम करा’ या जाहिरातीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. काही जेलची रचनाच अशी केलेली असते की आकसलेल्या अवस्थेत दोन-तीन गट एकमेकांजवळ येऊन एका धातू आयनाला मिळून पकडतात, आणि थंड होऊन जेल फुगले की ते गट दुरावतात व पकड सैल होते. तनाका यांच्या गटाने आणि जपानमधील इतर संशोधकांनी या तत्त्वावर बरेच काम केले आहे. आयन आत असतानाच जाळी विणून त्याचा ‘ठसा’ उमटवण्याची युक्तीही त्यातच येते. अशा जेलमध्ये खरोखरच आम्लाशिवाय धातू बराचसा सोडवता येतो, पण तिथे क्रम उलटा असतो: धातू गरम असताना धरला जातो आणि थंड झाल्यावर सुटतो. पुरवठादाराने आपल्याला थंडीत धरणारे आणि उष्णतेत सोडणारे जेल सांगितले आहे. त्यामुळे त्याचे जेल या प्रकारातले नाही, हे त्याच्याच वर्णनावरून ठरते.

उलट्या क्रमाचे जेल आपल्याला का परवडणार नाही, हे एका साध्या हिशेबाने कळते. ते वापरायचे तर सगळे सांडपाणी गरम करावे लागेल. ५००० लिटर पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढवायला सुमारे ५८ युनिट वीज लागते, आणि तीही रोज. ज्या कारखान्यातून पाणी मुळातच ४५ अंशांच्या वर बाहेर पडते, तिथे हा मार्ग विचारात घ्यावा. आपली निकेलची टाकी ५०-६० अंशांवर चालत असली तरी धुवणीचे पाणी हवेच्या तापमानाचेच असते.

आता गोव्याच्या हवेचा मुद्दा, जो या विषयावरच्या बहुतेक लेखनात येत नाही, कारण ते प्रयोग २० किंवा २५ अंशांच्या प्रयोगशाळेत झालेले असतात. थंड प्रदेशात ३२ अंश हे संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर जेल आकसते तो उंबरठा, सोयीचे आहे, कारण पाणी नेहमी त्याच्या बरेच खाली राहते. आपल्याकडे उघड्या टाकीतले पाणी मे महिन्याच्या दुपारी ३२-३३ अंशांपर्यंत जाते आणि ऑगस्टमध्ये २६-२७ अंशांवर येते. म्हणजे जेलचा उंबरठा आपल्या वर्षभराच्या तापमानांच्या आवाक्यातच येतो. त्यात पाण्यातले क्षार हा उंबरठा आणखी खाली ओढतात. सल्फेट हे त्या बाबतीत क्लोराइडपेक्षा जास्त प्रभावी असते, आणि निकेल प्लेटिंगच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. उलट, प्लेटिंगचे भाग धुताना वापरलेला डिटर्जंट पाण्यात राहिला असेल तर तो साखळ्यांना चिकटून उंबरठा वर ढकलतो आणि जेल गरम केले तरी नीट आकसत नाही. म्हणून पुरवठादाराच्या कागदावर छापलेले ‘३२ अंश’ हे शुद्ध पाण्यातले आहे, आपल्या टाकीतले नाही, हे ध्यानात ठेवावे.

याचा परिणाम काय होतो ते मी एका कारखान्यात पाहिले. त्यांनी फेब्रुवारीत हे जेल उभ्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये भरले होते. दोन महिने नमुने उत्तम आले. मग एप्रिलच्या अखेरीस निकेल एकदम वाढले, आणि तेही केवळ दुपारच्या नमुन्यांत. सकाळचे नमुने चांगलेच येत होते. प्रयोगशाळेला दोष देण्यात आठवडा गेला. शेवटी भर दुपारी मी कॉलमच्या पारदर्शक खिडकीवर टॉर्च मारून पाहिले, तेव्हा जेल भिंतीपासून जवळजवळ बोटभर सुटलेले होते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जात होते. पावसाला सुरुवात झाल्यावर तेच जेल पुन्हा फुगले, कॉलममध्ये गच्च बसले, दाब वाढला आणि एक जोड फुटला. त्या दिवसापासून मी आकसणारे जेल कॉलममध्ये भरायला सांगत नाही. ते जाळीच्या पिशव्यांत किंवा ढवळणी असलेल्या टाकीत, आकसायला आणि फुगायला जागा ठेवून वापरावे.

गोव्यासाठी माझी शिफारस अशी आहे की, आपल्या स्वतःच्या सांडपाण्यात मोजलेले संक्रमण तापमान ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान येईल असे जेल मागावे. साखळीत पाण्याला अधिक जवळ करणारा दुसरा घटक थोड्या प्रमाणात मिसळून ते वर नेता येते, ही नित्याची गोष्ट आहे. मग बारा महिने जेल फुगलेल्या अवस्थेत काम करील, आणि आपण मुद्दाम ५० अंशांवर नेऊ तेव्हाच आकसेल.

इथे एक ओढाताण आहे, ती पुरवठादार सांगत नाहीत. धातू धरणारे कार्बोक्सिल गट जितके जास्त घालावेत, तितकी जेलची आकसण्याची तयारी कमी होते, कारण सामू (पीएच) ५-६ च्या आसपास हे गट विद्युतभारित होऊन एकमेकांना दूर लोटतात. दहा टक्के अ‍ॅक्रिलिक आम्ल असलेले जेल सोडियमच्या रूपात, म्हणजे आम्लगटांवर सोडियम बसलेले असताना, ५० अंशांवरही आकसायला तयार नसते, असे पुष्कळदा होते. निकेल बसल्यावर भार शमतो आणि ते आकसू लागते. म्हणून रिकामे जेल गरम करून दाखवलेला नमुना आणि भरलेले जेल यांचे वागणे वेगळे असते. दोन्ही तपासून घ्यावेत.

किती जेल लागेल? दहा टक्के अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या जेलमध्ये कोरड्या ग्रॅममागे सुमारे ०.९ मिलिमोल आम्लगट असतात. एका निकेल आयनाला दोन गट लागतात असे धरले, तर एक ग्रॅम जेल जास्तीत जास्त २७ मिलिग्रॅम निकेल धरू शकते. याहून बराच मोठा आकडा अशा जेलसाठी कोणी सांगत असेल, तर त्याने कसले मोजमाप केले ते विचारावे. प्रत्यक्षात याच्या निम्मेच हिशेबात धरावे. आपल्याला ५००० लिटरमधले निकेल लिटरमागे ५ मिलिग्रॅमवरून अर्ध्या मिलिग्रॅमवर आणायचे असेल तर रोज साडेबावीस ग्रॅम निकेल काढावे लागेल, आणि त्याला सुमारे दोन किलो कोरडे जेल लागेल. पाणी पिऊन ते तीसेक किलो होईल. हे तीस किलो जेल आणि तेवढेच पाणी २७ वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे १.६ युनिट वीज पुरते, म्हणजे दोन किलोवॉटचा हीटर तासभरही चालवावा लागत नाही. छपरावर सौर बंब असेल तर वर्षाचे आठ महिने तीही वाचेल. उष्णता सांडपाण्याला न देता फक्त जेलला द्यायची, एवढ्या एका निर्णयाने ५८ युनिटांचे काम दीड-दोन युनिटांत होते.

मग उष्णतेचा फायदा कोणता, तर तो आकारमानाचा आहे. फुगलेल्या तीस किलो जेलमधून धातू आम्लाने सोडवायचा, तर जेलच्या पोटातले सगळे पाणी आम्लात मिसळते आणि धातू पातळ द्रावणात विखुरतो. आधी जेल गरम करून आकसवले आणि बाहेर आलेले पाणी टाकीत परत सोडले, तर उरलेल्या पाचसहा किलोच्या गोळ्यांवर थोडेसे आम्ल पुरते. साडेबावीस ग्रॅम निकेल आणि जेलवरचे सगळे गट यांसाठी हिशेबाने सुमारे ९० ग्रॅम गंधकाम्ल लागते, व्यवहारात दोनशे ग्रॅम धरावे. ‘आम्ल लागत नाही’ या दाव्यासाठी आपण जे जादा पैसे मोजणार होतात, ते या दोनशे ग्रॅमसाठी होते. त्यातून दहा लिटरमध्ये लिटरमागे दोन ग्रॅमहून थोडे अधिक निकेल असलेले द्रावण मिळते, म्हणजे मूळ पाण्याच्या जवळजवळ पाचशेपट तीव्र. आपली निकेलची टाकी गरम असल्याने रोज वाफेने खाली जाते. ती भरून काढायला हे द्रावण वापरता येण्याजोगे आहे. त्यासाठी सामू सुधारावा आणि तांबे, जस्त, लोह तपासावे. प्लेटिंगच्या टाकीत थोडेसे तांबेही मुलामा काळवंडवते, हे आपल्याला मी सांगायला नको. शेवटी जेल पुन्हा सोडियमच्या रूपात आणायला पाऊणशे ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक सोडा लागेल.

दाण्यांच्या आकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यात घाईने चूक होते. जेल फुगायला वा आकसायला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे तनाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्येच मांडले. दोन मिलिमीटर व्यासाच्या दाण्याला पूर्ण स्थिरावायला तीनेक तास लागतात, तर त्याच्या एक पंचमांश व्यासाच्या, म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या दाण्याला सातेक मिनिटे. म्हणून दाणे जितके बारीक तितके बरे, असे वाटते. पण फार बारीक जेल फिल्टरच्या कापडातून निसटते आणि नाल्यावाटे खाडीत जाते. हे कृत्रिम बहुवारिक आहे, सहज कुजणारे नाही, आणि त्याच्या अंगावर निकेल चिकटलेले असेल. आपल्या खाड्यांत खुबे, तिसऱ्या, शिणाणे हे जीव पाणी गाळूनच जगतात, पाण्यातले कण आणि धातू त्यांच्या अंगात साठतात, आणि ते आपल्या ताटात येतात. निकेलची संयुगे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलेली आहेत. त्यामुळे ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यावर एक बारीक जाळी कायम ठेवावी, असा माझा आग्रह आहे. जेल नवे आणल्यावर ते आठवडाभर पाणी बदलून धुवावे, कारण विणले न गेलेले मोनोमर, म्हणजे साखळीचे सुटे घटक, त्यात राहिलेले असतात आणि अ‍ॅक्रिलामाइड वर्गातले पदार्थ हाताळताना हातमोजे हवेतच. आकसवताना एकदम उकळते पाणी ओतू नये. त्याने दाण्यावर घट्ट साय धरते आणि आतले पाणी आतच कोंडले जाते. हळूहळू तापवावे.

आता आपल्या कारखान्याची खरी अडचण. आपण चुना वापरता, आणि माझ्या मते जेलच्या आधी विचार करायचा तो इथे. चुन्याने पाण्यात कॅल्शियम शेकड्यांच्या मिलिग्रॅमने येते, निकेल असते पाचसहा मिलिग्रॅम. साधे कार्बोक्सिल जेल अशा पाण्यात टाकले तर त्याच्या जागा कॅल्शियमच भरून टाकील. म्हणजे एकतर निकेलच्या पाण्यासाठी चुन्याऐवजी कॉस्टिक वापरावे, किंवा कॅल्शियमपेक्षा निकेलला जास्त पसंती देणारे इमिडाझोलचे अथवा इमिनोडायअ‍ॅसिटिक गट असलेले जेल घ्यावे. तसेच अवक्षेपणानंतर, म्हणजे धातू गाळरूपात खाली बसवल्यावर, पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो, तो ५.५ ते ६ वर आणल्याशिवाय जेलकडे पाठवू नये.

आणि त्याहीआधी हे पाहावे की चार-सहा मिलिग्रॅम निकेल उरतेच का. निकेलचा हायड्रॉक्साइड सामू १० च्या थोडा वर सर्वांत कमी विरघळतो, तर क्रोमियमचा ८ च्या आसपास. पुष्कळ लहान कारखान्यांत दोन्ही पाणी एकाच टाकीत येते, चालक साडेआठवर थांबतो, क्रोमियम खाली बसते आणि निकेल पाण्यात राहते. आपल्याकडे क्रोमचीही लाइन असेल तर दोन्ही पाणी वेगळे करावे. क्रोमच्या पाण्यात आधी सामू २-३ वर सोडियम मेटाबायसल्फाइट घालून पिवळा रंग हिरवा होऊ द्यावा, कारण षट्संयुजी क्रोमियम ऋणभारित असते आणि ते ना चुन्याला दाद देते ना कार्बोक्सिल जेलला. निकेलचे पाणी १०.२ पर्यंत नेऊन वीसेक मिनिटे हळू ढवळावे. मला वाटते, आपल्या निम्म्याहून अधिक तक्रारीचे उत्तर यातच मिळेल. एवढे करूनही निकेल हटत नसेल तर पाण्यात सायट्रेट, अमोनिया किंवा ईडीटीएसारखे धातूला पकडून विरघळलेले ठेवणारे काही आहे का ते पाहावे. विजेशिवाय चालणाऱ्या निकेल प्लेटिंगच्या द्रावणात ते असतेच. ईडीटीएने घट्ट पकडलेले निकेल जेलच्या कार्बोक्सिल गटांनाही सोडवता येत नाही, त्यामुळे त्या पाण्यावर जेलचा पैसा घालू नये.

खाणीच्या तांबड्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. पावसाळ्यात डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत जे पाणी तांबडे दिसते, त्यातले लोह बहुतांशी विरघळलेले नसून ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांच्या रूपात असते. कणांवर जेलचा काही उपयोग नाही. त्याला गाळ बसवणाऱ्या टाक्या, बांध, आणि गरज पडल्यास तुरटी हाच उपाय. विरघळलेले लोह असले तरी तेही जेलला मारक असते, कारण त्रिसंयुजी लोह कार्बोक्सिल गटांना इतके घट्ट बांधते की जेल तपकिरी, ताठ आणि निकामी होते. आपल्या बोअरच्या पाण्यात लोह असेल, जे जांभ्या दगडाच्या आपल्या प्रदेशात अगदी संभवते, तर ही सूचना आपल्यालाही लागू आहे.

आज मला स्वतःला निर्णय घ्यायचा असता, तर मी आधी अवक्षेपण दुरुस्त केले असते. नंतर उरलेल्या निकेलसाठी, रोजचे पाणी अडकून पडू नये म्हणून, बाजारात सहज मिळणारे इमिनोडायअ‍ॅसिटिक गटाचे चिलेट रेझिन, म्हणजे धातू पकडणारे राळेचे दाणे, कॉलममध्ये वापरले असते, आणि जेलचा प्रयोग शेजारी दोनशे लिटरच्या पिंपात चालू ठेवला असता. जेलमध्ये मला जे खरे मोल दिसते ते कमी आम्लात तीव्र द्रावण परत मिळण्याचे आहे, आणि कायटोसान मिसळलेल्या जेलबद्दल गोव्यात विशेष आशा वाटते, कारण सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, सालपटे आपल्याकडे मुबलक आहेत. पण सालपटांपासून कायटोसान काढायला ४० ते ५० टक्के तीव्रतेचे गरम कॉस्टिक लागते, आणि ते सांडपाणीही कोणीतरी सांभाळायचे असते, हेही त्या उत्साहात लक्षात ठेवावे लागते.

पुरवठादाराकडून पन्नास ग्रॅम जेल मागून घ्या आणि आपल्याच पाण्यावर चाचणी करा. लिटरमागे १०० किंवा ५०० मिलिग्रॅम निकेलच्या द्रावणावर काढलेले त्याचे आकडे आपल्या पाच मिलिग्रॅमच्या पाण्याला लागू पडत नाहीत, कारण पाण्यात निकेल कमी झाले की जेलही कमी धरते. दोन बाटल्या घ्या, दोन्हींत गाळलेले तेच पाणी सामू ६ वर आणून भरा, एकीतच जेल टाका आणि दोन्ही सारख्याच वेळ हलवा. जेल नसलेली बाटली फार महत्त्वाची आहे, कारण सामू चुकून आठच्या वर गेला तर निकेल आपोआपच खाली बसते आणि ते श्रेय जेलला मिळते. मग जेल धुऊन ५० अंशांवर आकसवा, बाहेर आलेल्या पाण्यातले निकेल मोजा, आणि त्यानंतर आम्लाने सुटलेले निकेल वेगळे मोजा. हे चक्र तेच जेल घेऊन निदान दहा वेळा करा आणि दर वेळी जेलचे फुगलेले वजन लिहा, म्हणजे लोहाने वा कॅल्शियमने ते ताठत चालले असेल तर कळेल. सगळी चाचणी एकदा मे महिन्यातल्या दुपारच्या पाण्यावर आणि एकदा श्रावणातल्या पाण्यावर करा, थर्मामीटर बाटलीतच ठेवा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तापमान नोंदवा.